सारथी आणि सार्थवाह

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव तळेगावच्या एका कारखान्यात सहा वर्षे नोकरीस होते. काम कोठारातले, आलेला माल मोजून घ्यावयाचा आणि गेलेल्या मालाची नोंद ठेवावयाची. मागील वर्षीच्या पाडव्यास सायंकाळी गुढी उतरवून मंडळी ओसरीवर बसली असता त्याने विषय काढला. "काका, मी नोकरी सोडतो आहे. स्वतःची गाडी घेऊन तातडीचा माल पोचवण्याचे काम करणार."

"गाडीवर माणूस कोण ठेवणार?" आम्ही विचारले.

"माणूस नाही. मीच चालवणार."

बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसावयास घेतला. आमच्या घरात चष्मा पुसणे ही नापसंतीची जुनी खूण आहे. मातोश्रींचे वय सत्त्याऐंशी. त्यांना ऐकू कमी येते, पण जे ऐकू जाऊ नये ते नेमके जाते. त्या म्हणाल्या, "म्हणजे डायवर?"

सुज्ञ वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. तो शब्द आमच्याही मनास टोचला. आमच्या तीन पिढ्या शाळा, कचेरी आणि बँक यांच्या सावलीत वाढल्या. दारात मोटार असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट, पण दुसऱ्याचा माल घालून तीच मोटार हाकणे ही मात्र अप्रतिष्ठेची, असा विचित्र हिशेब पुष्कळ सुशिक्षित घरांत चालतो आणि तो आमच्याही घरात चालत होता. अखेर बंधूंनी तोड काढली. "दादा, तुम्ही निवृत्त आहात, वह्या तपासण्यात जन्म गेला. या धंद्याची नीट चौकशी करा, मग काय ते ठरवू." ती चौकशी आणि तीनंतरचा एक वर्षाचा अनुभव येथे देत आहोत. ज्या घरांत असाच एखादा मुलगा पाडव्याची वाट पाहत बसला असेल, त्या घरांस त्याचा काही उपयोग व्हावा.

तातडीचा माल म्हणजे काय, हे प्रथम आम्हांसच समजून घ्यावे लागले. सामान्य वाहतुकीत मालास जागा बदलावयाची असते. आज न जाता उद्या गेला तरी तो तोच माल राहतो. तातडीच्या मालाचे तसे नसते. त्याला मुहूर्त असतो आणि मुहूर्त टळला की त्याची किंमत उतरते, कित्येकदा शून्यावर येते. आमच्या बेडशाच्या आसपास अशा मालास तोटा नाही. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने गेल्यास दोन्ही अंगांस पॉलिहाउसची पांढरी छपरे दिसू लागतात. त्यांत गुलाब होतात. पवन मावळातील हे गुलाब जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परदेशी रवाना होतात, कारण तिकडे १४ फेब्रुवारीस त्यांची मागणी असते. इतर दिवसांत बराच माल दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत जातो. ती मंडई पहाटे भरते. फूल कळीच्या अवस्थेत कापतात, लगेच पाण्यात उभे करतात, थंड खोलीत ठेवतात. खोलीतून बाहेर पडल्या क्षणापासून त्याचे आयुष्य घड्याळाच्या काट्यावर चालते. पहाटे चारला दादरला पोचलेला गुलाब आणि सकाळी आठला पोचलेला गुलाब हे एकाच झाडाचे असले तरी त्यांचा भाव एक नसतो.

दुसरा माल कारखान्यांचा. चाकण, तळेगाव या भागांत मोटारींचे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने भोवताली पसरले आहेत. पूर्वी कारखाने महिन्या-दोन महिन्यांचा माल कोठारात भरून ठेवीत. जपानी टोयोटा कारखान्याने ही रीत मोडली आणि भाग लागेल तेव्हाच यावा, अशी व्यवस्था बसवली. ती आता सर्वत्र पसरली आहे. कोठार रिकामे ठेवण्यात पैसा वाचतो खरा, पण एखादी पेटी चुकली, एखादा साचा बिघडला की सबंध ओळ थांबण्याची वेळ येते. मग रात्री अकरास कोणाचा तरी दूरध्वनी खणखणतो. आमचा पुतण्या सहा वर्षे असे दूरध्वनी करणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. पलीकडे जो माणूस "निघालो साहेब" म्हणतो त्याला काय मिळते, हे त्याने तिथे पाहिले आणि त्यातूनच ही कल्पना निघाली.

मावळच्या मातीस हा धंदा अपरिचित नाही, हे आम्ही मातोश्रींस सांगितले. मुंबईचे डबेवाले बहुतांशी आमच्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केले असे सांगतात. दुपारच्या जेवणाची वेळ टळली की डबा कितीही रुचकर असला तरी व्यर्थ, हे तत्त्व त्यांनी कोणत्याही पुस्तकाविना जाणले होते.

आणि त्याही मागे जावयाचे तर आमच्या घराच्या वर डोंगरात बेडशाची लेणी आहेत. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेले की दोन उंच कड्यांच्या फटीतून चैत्यगृहाचे खांब दिसतात आणि खांबांच्या माथ्यांवर घोडे, हत्ती, बैल यांच्यावर स्वार झालेली जोडपी. लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन आत शिरते. त्या चैत्याजवळ ब्राह्मी लिपीत एक लेख कोरला आहे. त्यात नाशिकच्या आनंद नामक श्रेष्ठीच्या पुत्राचे, पुष्यणकाचे, दान नोंदले आहे. नाशिकच्या सावकाराच्या मुलाने आमच्या आडरानात दान का द्यावे? कारण त्या काळी हे आडरान नव्हते. कोकणच्या बंदरांतून घाट चढून वर येणारा माल याच दऱ्यांतून देशावर जाई आणि कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटांच्या आधाराने उभी राहिली. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली घाटातून आगगाडी गेली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. वाटा बदलल्या, पण माल दोन हजार वर्षे याच डोंगराच्या उंबऱ्यावरून जात आहे.

मातोश्रींस यापैकी काहीच पटले नाही. "डबेवाले डबेवाल्यांच्या ठिकाणी आणि सावकार सावकाराच्या," असा त्यांचा निकाल. तेव्हा आम्ही आमचे शेवटचे अस्त्र काढले. संस्कृतात तांड्यास सार्थ म्हणतात आणि त्या तांड्याच्या धन्यास सार्थवाह. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील नायक चारुदत्त हा ब्राह्मण, आणि त्याची ओळख नाटकात सार्थवाह अशीच आहे. देवलांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हापासून आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या चारुदत्तासाठी डोळे पुसले, तो मालवाहतुकीच्या घराण्यातला होता! मातोश्रींनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "म्हणूनच त्याचं दिवाळं निघालं." आम्ही गप्प बसलो. पस्तीस वर्षे वर्ग शिकवूनही हे उत्तर आमच्या ध्यानात आले नव्हते.

तथापि त्या उत्तराने आम्हांस चौकशीची दिशा मिळाली. सारथी आणि सार्थवाह हे दोन निराळे धंदे आहेत. सारथ्याने गाडी हाकावी. भाव, उधारी, नफातोटा हे सार्थवाहाने पाहावे. जो तरुण स्वतःची गाडी स्वतः चालवतो तो एकाच बाकावर हे दोघे बसवतो. पुष्कळांना सारथ्य उत्तम येते आणि सार्थवाहाचे काम आपोआप होईल असे वाटते. ते होत नाही.

कागदपत्रांचा भाग आम्हांस वाटला होता त्याहून सोपा निघाला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. एकूण भारासह ३००० किलोच्या आतील मालवाहू गाडीस मोटार वाहन कायद्यान्वये परवाना लागत नाही. चालवण्याच्या लायसन्सबद्दल मागे बराच घोळ होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्यास ७५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवण्यास निराळी नोंद लागत नाही. नव्या मालवाहू गाडीचे पासिंग दोन वर्षे चालते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल ते करून घ्यावे लागते. विम्याविषयी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गाडीचा विमा गाडीचा असतो, आत भरलेल्या मालाचा नव्हे. मालाची जोखीम कोणावर, हे माल भरण्यापूर्वी विचारावे. भरल्यावर विचारणारास उत्तर देणारा कोणी नसतो. कारखान्याचा माल असेल तर ई-वे बिलावर आपल्याच गाडीचा क्रमांक आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गाडी हलवू नये.

या बाबतीत आम्ही पुतण्यास पुन्हा मृच्छकटिकच सांगितले. सहाव्या अंकात चारुदत्ताचा गाडीवान गाडी दारी आणतो, तोच त्यास आठवते की आत घालावयाचे आस्तरण घरी राहिले. तो ते आणावयास परत जातो. इतक्यात गावच्या गाड्यांनी रस्ता अडल्याने दुसऱ्याच माणसाची गाडी त्या दारापाशी थांबते, आणि वसंतसेना चुकून तिच्यात बसते. पुढला सारा अनर्थ एका विसरलेल्या वस्तूमुळे आणि एका वाहतूककोंडीमुळे! चाकणच्या रस्त्यावरील कोंडी पाहून आल्यापासून पुतण्यास शूद्रकाविषयी फार आदर वाटू लागला आहे. निघण्यापूर्वी तो आता कागद, दोऱ्या, ताडपत्री, स्टेपनी, जॅक असे मोठ्याने म्हणत हात लावून पाहतो.

आता गाडी. २००५ साली टाटांची 'एस' ही लहान गाडी निघाली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. त्यापूर्वी मालवाहतूक म्हणजे मोठा ट्रक, दोन माणसे आणि मोठे भांडवल असे समीकरण होते. ते या गाडीने मोडले. पुतण्याने त्याहून थोडी मोठी पिकअप पसंत केली, कारण घाट रोजचा. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून चालू आहे आणि तीत नव्या धंद्यास तारणाविना १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्याने साडेसात लाख काढले आणि उरलेले स्वतःच्या शिलकीतून घातले. गाडी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत नोंदली गेली. आषाढात तिला हार घातला. मातोश्रींनी तिच्यापुढे नारळ फोडू दिला, पण त्या आत बसल्या मात्र नाहीत.

पहिल्याच महिन्यात पुतण्या एक वही घेऊन आमच्याकडे आला. चेहऱ्यावर आनंद होता. "काका, दादरच्या एका फेरीत अठ्ठावीसशे सुटतात!" आम्ही वही पाहिली. वाचकांच्या समजुतीसाठी आकडे वाटोळे करून देतो. बेडशाहून दादर जाऊन येऊन सुमारे २२० किलोमीटर. भाडे ५५०० समजा. गाडी लिटरला ११ किलोमीटर जाते, म्हणजे २० लिटर डिझेल. ९० रुपयांच्या दराने १८०० झाले. टोल जाता-येता ७०० आणि हमाली, चहापाणी २०० धरले. खर्च २७००, शिल्लक २८००. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. हिशेब चूक होता.

आम्ही तांबडी पेन्सिल घेतली. हप्ता महिन्यास १६,०००. महिन्यात २० फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर ८००. विमा सालास ३६,०००, म्हणजे फेरीस १५०. टायरांचा संच २४,००० चा आणि तो ४०,००० किलोमीटर टिकेल असे धरले तरी फेरीस १३०. तेलपाणी, दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला टाकणे शहाणपणाचे, ते २२०. एकूण १३००. अठ्ठावीसशेचे दीड हजार झाले. येथे पुतण्याने विचारले, "आणि गाडीची घसारा?" प्रश्न योग्य होता. हप्त्यात मुद्दल फिटत असते, म्हणून हप्ता आणि घसारा दोन्ही धरल्यास एकच खर्च दोनदा मोजला जाईल. कर्ज आहे तोवर हप्ता धरावा. कर्ज फिटले की तीच रक्कम पुढल्या गाडीसाठी वेगळी टाकीत जावी. कर्ज फिटल्यावर 'आता सगळे आपलेच' असे मानणारे पुष्कळ भेटतात, आणि सहा-सात वर्षांनी जुनी गाडी मोडीत देताना त्यांच्या हाती नवीसाठी काही नसते.

मग आम्ही विचारले, "फेरीस वेळ किती लागतो?" रात्री दहास माल भरण्यास जावयाचे, एकला निघावयाचे, चारला मंडईत, माल उतरून पोच घेईपर्यंत सहा, परतीच्या भाड्याची वाट पाहत दहा, घरी दुपारी बारा. चौदा तास. दीड हजारास चौदाने भागल्यावर ताशी १०७ रुपये येतात. पुतण्याचा चेहरा उतरला. पण खरा धक्का पुढेच होता. "महिन्यात वीसऐवजी बाराच फेऱ्या झाल्या तर?" हप्ता आणि विमा तसाच राहतो, फक्त तो बारा जणांच्या डोक्यावर बसतो, फेरीस हप्त्याचे १३३३ आणि विम्याचे २५०. टायर व दुरुस्ती धरून वजावट १९३३. अठ्ठावीसशेतून उरले ८६७.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ ओसरीवर बसलो. या हिशेबातून आम्हांस जे उमगले ते असे. हा धंदा करणारा किलोमीटर विकतो असे त्यास वाटते, पण गिऱ्हाईक विकत घेते ती त्याची तयारी. रात्री अकरास फोन आल्यावर बाराच्या आत गाडी दारात उभी राहते, यासाठी तो दर मोजतो. तेव्हा ज्या रात्री फोन आला नाही त्या रात्रीची किंमत, ज्या रात्री आला तिच्या भाड्यात असावयास हवी. तसेच परतीचे. दादरहून दीड हजाराचे परतीचे भाडे मिळेल म्हणून जो पाच तास मंडईबाहेर थांबतो, त्यास दुपारचे चाकणचे काम मुकते. साधारण वाहतुकीत रिकामी परतणारी गाडी हा तोटा असतो. तातडीच्या कामात ती पुष्कळदा उद्याची तयारी असते आणि तिचा खर्च जातानाच्या भाड्यात धरलेला असावा लागतो. पुतण्याने त्यानंतर दर वाढवून सांगण्यास सुरुवात केली. दोन मध्यस्थांनी त्याचे नाव यादीतून काढले. तीन फूलशेतकऱ्यांनी मात्र मान्य केले, कारण मागल्या हंगामात स्वस्त गाडी उशिरा पोचल्याने त्यांचे काय झाले, हे त्यांस ठाऊक होते.

उधारीचे दुखणे वेगळेच. डिझेल रोख, टोल रोख आणि भाडे मात्र दोन-दोन महिन्यांनी! एका मध्यस्थाने भाद्रपदातले भाडे मार्गशीर्षापर्यंत लांबवले. येथे कायद्याचा आधार आहे, तो तरुणांनी जरूर घ्यावा. उद्यम नोंदणी २०२० पासून घरबसल्या करता येते. नोंदलेल्या लहान व्यावसायिकाचे देणे, लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पुतण्याच्या बिलावर आता तो नोंदणी क्रमांक छापलेला असतो. त्याने सगळे देणेकरी सुधारले असे नाही. काही मात्र फोन उचलू लागले.

हे सर्व पैशाचे झाले. ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती आता सांगतो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. गुलाबाचा हंगाम भरात. त्या दिवशी पुतण्या दुपारी पनवेलकडे एका कारखान्याचा माल देऊन रात्री नऊस घरी आला, जेवला आणि लगेच दहास गुलाब भरण्यास गेला. द्रुतगती मार्ग आमच्या डोंगराजवळून जात असला तरी कामशेतला त्यावर चढता येत नाही. जुन्या रस्त्याने लोणावळ्यापर्यंत जावे लागते, आणि चढताच घाट सुरू होतो. ब्रिटिश अमदानीतला अमृतांजन पूल होता, जो २०२० च्या एप्रिलात पाडला, त्या जागेच्या पुढे उताराला त्याचा डोळा लागला. किती वेळ, हे त्यास सांगता येत नाही. रस्त्यावर आखलेल्या जाड पट्ट्यांवर चाके खडखडली, त्या आवाजाने तो जागा झाला. उजवीकडे एक मोठा ट्रेलर होता आणि डावीकडे कठडा. त्याने गाडी पुढे सुरक्षित जागी उभी केली, तोंडावर पाणी मारले आणि पावणेचारला दादरला माल पोचवला. भाडेही पूर्ण मिळाले.

ही गोष्ट त्याने आठ दिवस कोणास सांगितली नाही. मातोश्रींनी ती ओळखली. "हा चहाचा कप हातात धरून झोपतो," त्या म्हणाल्या. "गाडीत काय करतो विचारा त्याला."

आम्ही विचारले. त्याने सांगितले. त्याची आई उठून आत गेली आणि बंधूंनी चष्मा पुसला नाही, नुसता काढून हातात धरला.

या विषयावर इतर देशांनी काय केले हे आम्ही पाहिले. युरोपात साडेचार तास ट्रक चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत तातडीच्या मालाची ही एक स्वतंत्र शाखाच आहे. तेथे कित्येक पतिपत्नी मिळून एक गाडी चालवतात, एक चाकावर असता दुसऱ्याने मागल्या बिछान्यावर झोपावयाचे. तेथील नियमाप्रमाणे सलग दहा तास सुट्टी घेतल्यावरच अकरा तास चालवता येते. आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्याने चालकास दिवसास आठ तास आणि आठवड्यास ४८ तास ही मर्यादा घातली. परंतु पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यापुरती. जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, त्याच्यासाठी मर्यादा घालणारे कोणी नव्हते. नोकरास धनी राबवतो तेव्हा तो निदान कुरकुरतो. स्वतःस राबवणारा कुरकुरतही नाही.

तेव्हा घरानेच नियम केले. पहिला : गाडीची किल्ली पुतण्याच्या खिशात राहणार नाही. ती देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर राहील आणि ती उतरवून देण्याचा अधिकार मातोश्रींचा. सलग सहा तास झोप झाली असेल तरच किल्ली मिळेल. दुसरा नियम पैशाचा. आम्ही, बंधू आणि पुतण्याची नोकरी करणारी थोरली बहीण अशा तिघांनी मिळून तीन हप्त्यांची रक्कम बँकेत वेगळी ठेवली. ती गाडीसाठी नाही, दुरुस्तीसाठी नाही. एखाद्या महिन्यात त्याने कामे नाकारली आणि हप्त्यास पैसे कमी पडले तर त्यासाठी. पुतण्यास हे प्रथम अपमानास्पद वाटले. "काका, मी काही लहान नाही." आम्ही म्हणालो, "लहान असतास तर शाळेत पाठवला असता. हे तुझ्या हप्त्याचे भय कमी करण्यासाठी आहे. भय असलेला माणूस कोणालाच नाही म्हणू शकत नाही."

नोकरी सोडून बाहेर पडणाऱ्या मुलास घरांनी गाडीची पहिली रक्कम द्यावी की नाही, यावर आमच्या ओळखीच्या घरांत बरेच वाद झालेले आम्ही ऐकले आहेत. आमचे मत असे झाले आहे की ती त्याने कर्ज काढून, शिलकीतून, स्वतःच उभी करावी. घराने त्यास नाही म्हणण्यापुरती पुंजी द्यावी. एकट्या माणसास ती जमवण्यास वर्षे लागतात, आणि घाट वर्षे थांबत नाही.

नियमाची किंमतही पडली. चैत्रात एका फूलउत्पादकाचा रात्री साडेअकरास फोन आला. पुतण्या त्याच दिवशी दोन फेऱ्या करून आला होता. त्याने खुंटीकडे पाहिले, मग मातोश्रींच्या खोलीच्या दाराकडे. दार उघडे होते आणि त्या जाग्या होत्या. त्याने फोनवर सांगितले, "आज जमणार नाही, पण दुसरी गाडी पाठवतो," आणि कामशेतच्या एका मित्रास धाडले. तो मित्र वेळेत पोचला. ते गिऱ्हाईक आता त्याच मित्राकडे आहे, आजतागायत परत आलेले नाही. पुतण्याने हे जेवताना सहज सांगितले. सहज सांगण्याचा प्रयत्न आम्हांस दिसला.

बारा हप्ते फेडले, अठ्ठेचाळीस राहिले आहेत. नोकरीत जे मिळत होते त्याहून महिन्यास थोडे अधिक मिळते. काही महिने कमी. पावसाळ्यात घाटात धुके उतरले की दादरच्या फेरीस तास-दीड तास अधिक धरावा लागतो आणि शेतकऱ्यांस माल लवकर कापण्यास सांगावे लागते, ते ऐकतात. मातोश्री अद्याप गाडीत बसलेल्या नाहीत, पण शेजारची मंडळी आली की 'आमच्या सार्थवाहाला आज जायचंय' असे म्हणतात. या शब्दाची थट्टा आहे की अभिमान, हे आम्ही विचारलेले नाही.

हे लिहीत असता रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. पुतण्या सायंकाळी सहापासून माडीवर झोपला आहे. बारा वाजता येलशेजवळच्या एका पॉलिहाउसवर माल भरावयाचा आहे. किल्ली खुंटीवर आहे. आमच्या वयास झोप कमी लागते, म्हणून उठवण्याचे काम आमच्याकडे आहे. किल्ली देण्याचे नाही.